कारीगराचे औषध आणि हातातला मोबाईल

व्यापार-उद्योगाच्या पानावर मानसिक आजाराचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कापसाचा भाव, कपड्यावरील जीएसटी, बँकेचे कर्ज हे विषय सोडून हे काय नवीन, असेही कोणी म्हणेल. पण ज्यांच्याकडे दहा-पाच कारीगर काम करतात त्यांनी जरा आठवून पाहावे. हाताने अत्यंत सफाईदार असलेला एखादा माणूस अचानक कामावर यायचा थांबला, एकटाच बोलू लागला, रात्र रात्र जागा राहू लागला आणि दोन वर्षांत मोहल्ल्यात 'तो पागल' एवढीच त्याची ओळख उरली, असा एक तरी माणूस प्रत्येकाच्या आठवणीत निघेल. त्या माणसाबरोबर एक हुन्नर बाजारातून जातो, एका घराची चूल थंडावते आणि आपण दिलेली आगाऊ रक्कमही बुडते. म्हणून हा विषय व्यापाराचाही आहे.

अशा रुग्णांना मदत करणारे मोबाईलवरचे अॅप आता निघाले आहेत. काही सरकारी आहेत, काही संशोधन संस्थांचे आहेत, तर काही निव्वळ धंद्यासाठी काढलेले आहेत. हे अॅप नेमके काय करतात, कोठपर्यंत उपयोगी पडतात आणि कोठे फसवतात, हे आपल्या अमरावती-अकोल्याच्या व्यापारी व कारीगर बांधवांनी समजून घ्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. कापडाचा व्यापारी आहे. जे वाचले, विचारले आणि स्वतःच्या दुकानात पाहिले, तेच येथे मांडतो.

आजार कोणता?

दुकानदारीची चिंता, कर्जाचे टेन्शन, झोप न लागणे हे त्रास पुष्कळांना असतात. येथे आपण बोलत आहोत ते गंभीर मानसिक आजारांविषयी. त्यातला एक स्किझोफ्रेनिया, ज्याला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. यात रुग्णाला कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, लोक आपल्या वाईटावर टपले आहेत असा पक्का संशय बसतो, कामातले मन उडते. दुसरा बायपोलर आजार. यात माणूस काही दिवस अतिशय उत्साहात असतो, झोपत नाही, वाटेल तसा पैसा उधळतो, मोठमोठे सौदे करतो, आणि मग काही आठवडे उदासीच्या खड्ड्यात पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना स्किझोफ्रेनिया आहे. म्हणजे दर ३०० माणसांमागे साधारण एक. २०११ च्या जनगणनेत अमरावती शहराची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख आणि अकोला शहराची सुमारे सव्वाचार लाख होती. याच प्रमाणाने त्रैराशिक मांडले तर अमरावतीत दोन हजारांवर आणि अकोल्यात चौदाशेच्या आसपास माणसे निघतात. हा केवळ अंदाज आहे, पण प्रश्न किती जवळचा आहे हे त्यावरून कळते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसून आले की निरनिराळ्या मानसिक आजारांतील ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत.

या आजारांवर औषधे आहेत आणि पुष्कळ रुग्ण औषधाने कामावर परत येतात. अडचण पुढेच येते. दोन-चार महिने बरे वाटले की रुग्ण म्हणतो, आता गोळी कशाला? घरचेही म्हणतात, गोळीने सुस्ती येते, बंद कर. गोळी बंद होते आणि काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, आजार उलटतो. आजार उलटण्याआधी बहुधा काही खुणा दिसतात. झोप कमी होते, माणूस घराबाहेर पडेनासा होतो किंवा उलट रात्रीबेरात्री भटकू लागतो, चिडचिड वाढते. या खुणा वेळीच ध्यानात आल्या आणि डॉक्टरकडे नेले तर पुढचे मोठे नुकसान टळू शकते. मोबाईलचा उपयोग आहे तो याच जागी.

माझ्या दुकानातील अनुभव

माझ्याकडे अकोल्याचा एक कारीगर अनेक वर्षांपासून कुर्ते आणि शेरवानीचे काम करतो. हात असा की गाहक कपडा नंतर बघतो, आधी शिलाई बघतो. काही वर्षांपूर्वी त्याला या आजाराने गाठले. भिंतीपलीकडचे लोक आपल्याविषयी बोलतात, असे तो म्हणू लागला. घरच्यांनी आधी झाड-फुंक केली, मग कोणीतरी समजूतदार माणसाने सरकारी रुग्णालयात नेले. औषधाने तो सुधारला, मशीनवर बसू लागला. पण पुढच्या तीन वर्षांत दोनदा त्याने गोळ्या सोडल्या आणि दोन्ही वेळा ऐन ईदच्या सीझनमध्ये काम अर्धवट टाकून बसला.

दुसऱ्या वेळी माझा संयम सुटला. चार कारीगरांसमोर मी त्याला नको ते बोललो आणि काम बंद केले. आज ते आठवले की शरम वाटते. कारण नंतर हिशेब मांडला तेव्हा माझ्या लक्षात आले की दोन्ही वेळा मीच त्याला आगाऊ रक्कम देऊन रात्रपाळीचे काम लावले होते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आपले बाजार पहाटेपर्यंत जागे असतात. ज्याच्या आजारात झोप हेच अर्धे औषध आहे, त्याची झोप मी विकत घेतली होती.

वर्षभराने त्याची बायको दुकानावर आली. म्हणाली, "भाईजान, आता ते बरे आहेत. एक वेळ काम देऊन पाहा." तिने मला मोबाईल दाखवला. रुग्णालयातल्या समुपदेशकाने त्यात एक साधे अॅप टाकून दिले होते. रात्री नऊ वाजता गोळीची आठवण वाजायची. गोळी घेतली की एक खूण दाबायची. सकाळी दोन प्रश्न यायचे: रात्री किती तास झोपलात, आणि मन कसे आहे? लागोपाठ तीन दिवस झोप कमी भरली की बायकोच्या फोनवर संदेश जायचा. ती समुपदेशकाला फोन करायची. एवढेच.

मी काम दिले, पण व्यापाऱ्याचा स्वभाव! मी म्हणालो, "तो संदेश माझ्याही फोनवर येऊ द्या, म्हणजे मलाही अंदाज राहील." तो कारीगर शांतपणे म्हणाला, "सेठ, मशीनचा हिशेब तुमचा. झोपेचा हिशेब माझा." मला आधी राग आला. घरी जाऊन विचार केला तेव्हा कळले की त्याचेच बरोबर आहे. माझ्या साखरेचा रिपोर्ट मी माझ्या गाहकाला दाखवतो काय? मग आमच्यात एवढेच ठरले की तो रात्री दहानंतर काम करणार नाही आणि तब्येत बिघडते आहे असे वाटले तर बायको मला फक्त इतकेच सांगेल, 'चार दिवस काम देऊ नका.' कारण विचारायचे नाही.

हे ठरल्यानंतर एकदा त्याचा मोबाईल फुटला. दुरुस्तीला पैसे नव्हते. दोन आठवडे आठवण वाजली नाही आणि गोळ्या चुकू लागल्या. या वेळी कोणत्याही अॅपने नाही, तर बायकोने ओळखले, कारण तो जेवताना बोलेनासा झाला होता. ती त्याला रुग्णालयात घेऊन गेली आणि आठ दिवसांत तो मशीनवर परत बसला. त्या दिवसापासून त्यांच्या घरी भिंतीवरच्या उर्दू कॅलेंडरवरही गोळीची खूण केली जाते. मोबाईल आणि कॅलेंडर दोन्ही चालू आहेत. आपण व्यापारी संगणकावर बिल करतो, तरी कच्ची वही ठेवतोच ना, तसेच हे.

जगात काय दिसून आले?

हा एकट्याचा अनुभव झाला. मोठ्या प्रमाणावर काय दिसते तेही पाहू. अमेरिकेत 'फोकस' नावाचे अॅप खास गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी तयार करण्यात आले. दिवसातून तीन वेळा ते रुग्णाला विचारपूस करते आणि औषध, झोप, मनःस्थिती, लोकांत मिसळणे आणि ऐकू येणारे आवाज या पाच गोष्टींत काय करावे ते सुचवते. शिकागो शहरात १६३ रुग्णांवर त्याची तुलना दवाखान्यातील गट-बैठकीशी करण्यात आली. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोबाईलच्या गटातील ९० टक्के लोकांनी उपचार सुरू केला, तर बैठकीच्या गटातील ५८ टक्के लोकांनी. सुधारणा दोन्ही गटांत झाली. म्हणजे मोबाईलने बैठकीपेक्षा जास्त शिफा दिली असे नव्हे, तर जो माणूस बसचे भाडे, लाज किंवा आळस यामुळे दवाखान्यापर्यंत पोचत नाही, त्याच्यापर्यंत मोबाईल पोचला. या अॅपच्या मागे एक प्रशिक्षित माणूस होता आणि तो रुग्णांना नियमित फोन करीत असे, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आपल्या देशातही काम झाले आहे. अमेरिकेतील बोस्टन, कर्नाटकातील बेंगळुरू आणि मध्य प्रदेशातील भोपाळ या तीन ठिकाणी मिळून एक अभ्यास झाला. बेंगळुरूची निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था आणि भोपाळमध्ये 'संगथ' ही संस्था त्यात होती. 'माइंडलॅम्प' नावाच्या अॅपने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची झोप, हालचाल आणि त्यांनी दिलेली उत्तरे नोंदवली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आजार उलटण्यापूर्वीच्या महिन्यात या नोंदींत नेहमीपेक्षा सुमारे दुप्पट गडबड दिसत होती. अभ्यास लहान आहे, त्यावरून भविष्य सांगता येत नाही. पण ज्या खुणा घरातील शहाणी बाई डोळ्याने ओळखते, त्यांपैकी काही खुणा मोबाईललाही दिसू शकतात, एवढे त्यातून कळते.

आपल्या वऱ्हाडातील काम

अमरावती जिल्ह्याचे नाव या विषयात परके नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 'संगथ' या संस्थेने 'विश्राम' नावाचा प्रकल्प अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत चालवला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवण्यात आले. उदासीनतेच्या आजाराने ग्रासलेल्यांपैकी पूर्वी फक्त ४.३ टक्के लोक मदत घेत होते, ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. हे आकडे २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या जगप्रसिद्ध वैद्यकीय मासिकात छापून आले. येथे चमत्कार यंत्राने केला नाही, दारावर आलेल्या ओळखीच्या माणसाने केला.

२०१५ साली महाराष्ट्र सरकारने 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्हे त्यात घेतले, त्यांत अमरावती आणि अकोलाही होते. आशा कार्यकर्तींनी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन विचारपूस करायची आणि गरजूंना उपचारापर्यंत पोचवायचे, अशी ही योजना. तिकडे नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात पुण्याच्या एका संस्थेने 'आत्मीयता' प्रकल्प राबवला. त्यात गावातील स्वयंसेवकांच्या हाती स्मार्टफोन दिले आणि त्यात छोटे चित्रपट घातले. स्वयंसेवक लोकांना ते चित्रपट दाखवून बोलते करीत. येथे फोन होता, पण तो ओळखीच्या माणसाच्या हातात होता.

हे प्रकल्प मुख्यतः उदासीनता आणि मानसिक त्रासासाठी होते, स्किझोफ्रेनियासारख्या आजारांसाठी नव्हे. पण त्यांचा धडा दोन्हींना लागू आहे.

आज सर्वांना उपलब्ध असलेली सरकारी सोय म्हणजे 'टेलि-मानस'. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरवला की चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. मराठी व हिंदीसह २० भाषांत ही सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे अॅपही आले. साधा बटणांचा फोन असला तरी हा क्रमांक लागतो, ही गोष्ट गरीब कारीगरासाठी फार मोलाची आहे. त्याशिवाय अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, अमरावतीत जिल्हा रुग्णालय आहे, ज्याला आपण आजही इर्विन म्हणतो, आणि नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

बाजाराचा धडा

आता व्यापाराच्या नजरेने पाहू. अॅप हाही एक माल आहे आणि त्याचाही बाजार आहे. अमेरिकेत 'पेअर थेराप्युटिक्स' नावाची कंपनी होती. डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून द्यायचे अॅप ही कल्पना तिने बाजारात आणली. २०१७ साली तिच्या व्यसनमुक्तीच्या अॅपला तेथील औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली. स्किझोफ्रेनियासाठीही तिचे काम चालू होते. कंपनीची किंमत एकेकाळी दीड अब्ज डॉलरच्या वर धरली गेली. पण विमा कंपन्या पैसे द्यायला पुरेशा तयार झाल्या नाहीत आणि एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. तिची मालमत्ता सुमारे ६० लाख डॉलरला लिलावात गेली. माल चांगला असला तरी पैसे कोण देणार हे ठरले नसेल तर दुकान बंद होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण दुकान बंद झाल्यावर त्या अॅपवर अवलंबून असलेल्या रुग्णाचे काय? म्हणूनच कच्ची वही हवी.

दुसरे उदाहरण 'बेटरहेल्प' या कंपनीचे. ही कंपनी इंटरनेटवरून समुपदेशन देते. लोकांनी विश्वासाने सांगितलेली आरोग्याची माहिती तिने जाहिरातीसाठी फेसबुक आणि इतर कंपन्यांना दिली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. २०२३ साली कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले. आपल्या भाषेत याला अमानतीत खयानत म्हणतात. जे अॅप फुकट मिळते त्याची किंमत कधी कधी आपल्या गुपिताने चुकवावी लागते. आपल्या देशातही वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. पण कायदा असला तरी पहिली पारख आपल्यालाच करावी लागते.

दवा आणि दुआ

आपल्या समाजात या आजाराला आसेब, साया, करणी अशी नावे देऊन रुग्णाला दर्ग्यावर नेण्याची रीत आहे. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी येथे होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते आणि आपल्या माणसाला घेऊन आलेली कित्येक कुटुंबे तेथे दिसतात. दुआ मागण्याला कोण मना करील? पण ६ ऑगस्ट २००१ ची घटना विसरू नये. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण प्राणास मुकले. त्यांना पळताही आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट बंदी केली आहे.

याउलट गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथील हजरत मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावर रुग्णाला दुआ देतात आणि त्याच आवारात डॉक्टरकडेही पाठवतात. दीन आणि इलाज यांत भांडण नाही, हे तेथे दिसले. आपला इतिहासही हेच सांगतो. दमास्कसमध्ये ११५४ साली आणि कैरोत १२८४ साली उभारलेल्या बीमारिस्तानांत मनोरुग्णांसाठी सोय होती. अबू झैद अल-बल्खी यांनी दहाव्या शतकाच्या आसपास शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर किताब लिहिली. उंट आधी बांधा, मग तवक्कल करा, ही शिकवण आपण व्यापारात नेहमी सांगतो. औषधाच्या बाबतीतच ती का विसरावी?

रमजानमध्ये एक खबरदारी घ्यावी. गोळीच्या वेळा मनाने बदलू नयेत. काही औषधांना, विशेषतः बायपोलर आजारातील लिथियमला, शरीरात पाणी कमी पडणे धोक्याचे असते. झोपेच्या वेळा बदलल्यानेही आजार उफाळू शकतो. म्हणून शाबानमध्येच डॉक्टरला भेटून विचारावे. आजारी माणसाला रोजाची सवलत दीनने दिलेली आहे. आपल्या फोनमध्ये नमाजच्या वेळांचे अॅप असतेच, त्याच फोनमध्ये डॉक्टरने ठरवलेल्या गोळीच्या वेळेचीही आठवण लावता येते. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

अॅप घेण्यापूर्वीची पारख

थान घेताना आपण पोत पाहतो, रंग पाण्यात टाकून पाहतो. अॅप घेतानाही खालील गोष्टी पाहाव्यात.

एक, ते कोणी काढले आहे? सरकार, रुग्णालय, संशोधन संस्था की अनोळखी कंपनी? रुग्णाच्या डॉक्टरला ते ठाऊक आहे काय?

दोन, भाषा कोणती? रुग्णाला वाचता येईल अशी मराठी, उर्दू किंवा हिंदी त्यात आहे काय? की लिहिता-वाचता न येणाऱ्याला बोलून सांगण्याची सोय आहे?

तीन, पलीकडे माणूस आहे काय? रात्री दोन वाजता तब्येत बिघडली तर कोणाचा फोन लागेल? ज्याला आवाज ऐकू येतात त्याच्या हाती नुसते गप्पा मारणारे यंत्र देऊन मोकळे होऊ नये.

चार, ते काय काय मागते? गोळीची आठवण देणाऱ्या अॅपला तुमच्या सर्व संपर्कांची यादी, माइक आणि फोटो कशाला हवेत? मागत असेल तर सौदा मोडावा.

पाच, रिचार्ज संपला, इंटरनेट गेले तर ते चालते काय? आणि नोंदी पुसता येतात काय?

सहा, रुग्णाची स्वतःची राजी आहे काय? त्याच्या नकळत फोनमध्ये काही टाकले आणि त्याला कळले, तर लोक आपल्यावर पाळत ठेवतात हा त्याचा संशय खराच ठरेल. मग तो औषधही टाकून देईल आणि घरच्यांवरचा भरवसाही.

मालकाचे कर्तव्य

कारीगर ठेवणाऱ्या बांधवांना माझी विनंती आहे की रुग्णाच्या मोबाईलमध्ये डोकावू नये, पण त्याची झोप आणि दवाखान्याचा दिवस सांभाळावा. महिन्यातून एक दिवस दवाखान्याच्या रांगेत गेला तर त्या दिवसाची मजुरी कापू नये. आगाऊ रकमेच्या जोरावर त्याला रात्रपाळीला बसवू नये. सीझनमध्ये त्याला थोडे पण रोजचे काम द्यावे. माझ्या पाहण्यात नगावर मजुरी घेणारा हा कारीगर दिवसा सहा तास बसून जेवढे काम देतो, तेवढे पूर्वी रात्री जागूनही देत नव्हता, कारण मधले महिने आता बुडत नाहीत.

कायद्याच्या दोन गोष्टीही ठाऊक असाव्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास निरनिराळ्या सवलतींसाठी अर्ज करता येतो. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच धरले पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणाने २०२२ साली कंपन्यांना याची पुन्हा ताकीद दिली. आपण दुकानासाठी किंवा घरासाठी आरोग्य विमा घेतला असेल तर पॉलिसीची ही बाजू एजंटला जरूर विचारावी.

आपल्या व्यापारी संघटना, मशिदींच्या कमिट्या आणि जमाती या कामात थोडा हात लावू शकतात. जुम्याच्या दिवशी १४४१६ हा क्रमांक मशिदीच्या फलकावर लिहायला खडूचा एक तुकडा लागतो. ज्या घरात रुग्ण आहे पण चांगला फोन नाही, तेथे जुना चालू फोन आणि तीन महिन्यांचा रिचार्ज हीसुद्धा खैरात आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 'पागल' हा शब्द आपल्या दुकानातून हद्दपार करणे. मी तो शब्द वापरला होता, म्हणून त्याचे वजन मला ठाऊक आहे.

मोबाईल हा मुनीम आहे. तो वेळेची आठवण देतो, नोंद ठेवतो, गडबड दिसली तर सांगतो. इलाज करणारा डॉक्टर वेगळा, सांभाळणारे घर वेगळे आणि शिफा देणारा अल्लाह. मुनीम चांगला असावा, पण सारी पेढी मुनीमावर सोडून मालकाने झोपी जाऊ नये.

या वर्षीच्या ईदला माझ्या दुकानातून गेलेल्या शेरवान्यांपैकी बऱ्याच त्याच कारीगराच्या हातच्या होत्या. रोज रात्री दहाला तो मशीनवर कपडा झाकून घरी जात असे. चांदरातीच्या आदल्या दिवशी दोन शेरवान्या राहून गेल्या. गाहकाला मी सांगितले की माल वेळेवर झाला नाही, चूक माझी आहे. गाहकाने दुसरीकडून घेतल्या. तो तोटा मी वहीत लिहून ठेवला आहे आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.